जत्रेत गोधड्या विकायच्या आहेत : किती करू, कशा करू, काय भाव लावू?

अबोली_पुणे | ४ ऑक्टोबर, दुपारी ३.१०

नमस्कार मंडळी,
डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात पुण्यातल्या एका हस्तकलेच्या जत्रेत आम्हाला स्टॉल मिळालाय. पाच दिवस, ८ बाय ८ फुटांचा गाळा, भाडं ६,०००. आम्ही म्हणजे मी, सासूबाई (वय ७१) आणि आमच्या बिल्डिंगमध्ये कामाला येणाऱ्या दोन मावशी. गोधडीवर त्या दोघींचा हात माझ्यापेक्षा कितीतरी जास्त बसलेला आहे. रोज दुपारी दोन ते पाच आमच्या हॉलमध्ये बसायचं ठरलंय. आजवर घरच्यांसाठी आणि भाचवंडांसाठी खूप शिवल्या, पण विकायला कधी मांडल्या नाहीत.

मोठ्या ६० बाय ९० इंचाच्या गोधड्या, बाळाची ३६ बाय ३६ ची दुपटी आणि थोड्या बारीकसारीक वस्तू असं डोक्यात आहे. प्रश्न असे : दहा आठवड्यांत किती माल करावा? जुन्या साड्या वापरल्या तर लोक घेतात का? आणि सगळ्यात अवघड म्हणजे किंमत. मावशींना मी विचारलं तर म्हणाल्या, "द्या की ताई सातशे-आठशेला, बसल्या बसल्याच तर करतोय." मला ते पटत नाही. पण मग किती, हेही कळत नाही.

मोगरा८२ | ४ ऑक्टोबर, दुपारी ३.४२

वा, अभिनंदन! सासूबाईंना नमस्कार सांगा. वाचतेय.

कागलची_वाकळ | ४ ऑक्टोबर, रात्री ९.१५

आमच्याकडं वाकळ म्हणत्यात. माझ्या आईनं उभ्या जन्मात शंभर तरी शिवल्या असतील, पंचक्रोशीतल्या बायका तिच्याकडनं कापड लावून घ्यायच्या. म्हणून चार गोष्टी सांगतो.

पैलं काम धुण्याचं. नवं कापड असू दे न्हाईतर जुनं, कापायच्या आधी धुवायचंच. नवं सुती कापड पहिल्या पाण्यात आटतंय. जुन्या लुगड्याला खळ असली तर ती पुरी काढायची, खळीच्या वासानं कसर लागत्या. आत्ता ऑक्टोबरचं ऊन कडक हाय, सगळं एका आठवड्यात धुऊन वाळवून घ्या.

दुसरं रंगाचं. पांढरा ओला रुमाल घेऊन कापडावर दाबून घासायचा. रुमालाला रंग लागला तर ते कापड गरम पाण्यातनं काढत ऱ्हायचं, पाणी नितळ येईस्तोवर. नाहीच आलं तर बाजूला टाका. मीठ-तुरटीच्या भरवशावर बसू नका. मागं बहिणीनं पांढऱ्या कापडावर लाल खणाचे तुकडे लावून एक झकास वाकळ केली आन विकली. महिन्याभरानं गिऱ्हाईक परत आलं, सगळी वाकळ गुलाबी! पैसे तर परत दिलेच, पण दोन रात्री तिला झोप नव्हती.

तिसरं, दोरा सुतीच घ्या. जुन्या मऊ कापडाला पॉलिस्टरचा दोरा कापतोय असं म्हणत्यात. आन दोरा दीड हातापेक्षा लांब ओवायचा न्हाई. लांब दोऱ्यात गाठी जास्त आन चिडचिड जास्त.

शेवंती | ५ ऑक्टोबर, सकाळी १०.०५

कागलकरांच्या प्रत्येक ओळीला अनुमोदन. एक भर घालते. दोरा मेणाच्या वडीवरून एकदा ओढून घ्या, गुंता निम्म्यावर येतो. आणि शिवायला बसण्याआधी सगळे थर फरशीवर ताठ पसरून कच्चे टाके घालायला दोन माणसं हवीतच. आम्ही चारी कोपऱ्यांवर तांदळाचे डबे ठेवतो. मधल्या भागापासून बाहेरच्या दिशेनं टाचत गेलं की सुरकुती कडेला निघून जाते. टाचण्यात घाई केली तर शेवटी मधे फुगा येतो आणि तो काही केल्या जात नाही.

सासूबाईंना अंगुस्तान (सुई टोचू नये म्हणून बोटात घालायची टोपी) घालायला लावा. त्या नको म्हणतील. तरी लावा.

हिशेबनीस | ५ ऑक्टोबर, सकाळी ११.३०

अबोलीताई, किंमत अंदाजानं काढू नका. कागद घ्या.

६० बाय ९० इंचाची गोधडी, दोन ओळींत एक इंच अंतर. म्हणजे ९० इंचाच्या ६० ओळी, एकूण ५,४०० इंच, सुमारे १३७ मीटर धावदोरा. (कडेपासून आत चौकोनात शिवत गेलात तरी लांबी जवळपास तेवढीच भरते.) इंचाला चार टाके धरले तर २१,६०० टाके. जाड थरांतून तासाला तीन मीटर होतात असं आमच्या घरचा अनुभव सांगतो. म्हणजे साधारण ४५ तास. आठशे रुपयांतून कापड-दोरा वजा केला तर तुमच्या मावशींना ताशी किती पडले? काहीच नाही, उलट खिशातले गेले.

आता उलटा हिशेब. कापड ९००, दोरा ६०, ताशी ६० रुपयांनी मजुरी २,७००. झाले ३,६६०. स्टॉलभाड्याचा वाटा म्हणून किमतीच्या साधारण १२ टक्के. ४,२०० च्या खाली विकू नका. दुपट्याचं असंच : कापड-दोरा २७०, नऊ तासांचे ५४०, वर भाड्याचा वाटा. ९५० रुपये.

वेळेचंही बघू. दहा आठवड्यांतले दोन दिवाळीत जाणार. उरले आठ. चौघी, रोज तीन तास, आठवड्याला सहा दिवस, म्हणजे ५७६ तास. सहा मोठ्या गोधड्या २७० तास, चौदा दुपटी १२६ तास. उरलेले १८० तास धुणं, कापणं, टाचणं आणि लहान वस्तूंना. याहून जास्त ओढून घेतलंत तर शेवटच्या आठवड्यात टाके लांब पडायला लागतील.

रोखठोक | ५ ऑक्टोबर, दुपारी १.२०

हिशेब कागदावर बरोबर आहे, पण गिऱ्हाईक तुमचे तास विकत घेत नाही, पांघरूण विकत घेतं. त्याच जत्रेत दहा पावलांवर सोलापुरी चादर याच्या पाव किमतीत मिळेल. माझं कपड्यांचं दुकान आहे, रोज बघतो. मशीनवर शिवा, चार-पाच तासांत एक गोधडी होते, १,५०० ला द्या, वीस विका.

शेवंती | ५ ऑक्टोबर, दुपारी २.४५

रोखठोक, मशीनच्या गोधडीला माझा विरोध नाही, माझी भाची तेच करते आणि सुंदर करते. पण मशीनची शिवण कापडाला घट्ट आवळून धरते. हाताच्या धावदोऱ्यात कापडाला सैलावायला जागा राहते आणि धुता धुता ती बारीक चुणी येते, जिच्यासाठी लोक गोधडी मागतात. दोन वेगळ्या वस्तू आहेत. दोन्ही ठेवायच्या तर चिठ्ठीवर स्पष्ट लिहा, हातशिवण की मशीनशिवण. मशीनची वस्तू हाताची म्हणून विकणारे जत्रेत भेटतात आणि त्यांच्यामुळे खऱ्या हाताला भाव मिळत नाही. याचा मला मनापासून राग येतो.

रोखठोक | ५ ऑक्टोबर, दुपारी ३.००

चिठ्ठीचं पटलं. भावाचं बघू, जत्रेनंतर ताईंनीच सांगावं.

आटपाटनगर | ५ ऑक्टोबर, रात्री १०.५०

थोडं अवांतर. कागलकरांनी वाकळ म्हटलं म्हणून आठवलं. आमच्याकडे मराठवाड्यात लेपडं हा शब्द ऐकलाय, चार थरांची ती चौघडी, बाळाचं ते दुपटं, सीमेपलीकडे कानडीत कौदी. तुमच्याकडे काय म्हणतात?

उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड भागात सिद्दी लोक राहतात. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आले. त्यांच्या बायका कवंदी शिवतात. आपण आधी वरचं कापड जोडतो, मग थर लावून शिवतो. त्या तुकडे लावणं आणि शिवणं एकदमच करतात, कडेपासून सुरुवात करून गोल गोल आत मध्यापर्यंत येतात. चारी कोपऱ्यांना कापडाची त्रिकोणी घडी लावतात, तिला फुला म्हणतात. फुला नसेल तर कवंदी उघडी दिसते असं त्या मानतात.

बंगालातली कांथाही आपलीच मावसबहीण. जुन्या साड्यांचे थर, आणि नक्षीचा रंगीत दोरा साडीच्याच काठातून उसवून घ्यायची जुनी रीत.

माणदेशी | ६ ऑक्टोबर, सकाळी ७.३०

माझी आजी गोधडीचा शेवटचा मधला चौकोन बंद करायच्या आधी आत जोंधळ्याचे चार दाणे टाकायची. म्हणायची, गोधडी उपाशी ठेवू नये, तिच्या पोटात घास पाहिजे, तर पांघरणाऱ्याला कधी कमी पडत नाही. तिची शेवटची गोधडी माझ्याकडे आहे. मधोमध बोटानं चाचपलं की दाणे अजून लागतात.

मोगरा८२ | ६ ऑक्टोबर, सकाळी ८.१०

माणदेशी, सकाळी सकाळी डोळ्यांत पाणी आणलंत.

आटपाटनगर | ६ ऑक्टोबर, सकाळी ९.००

काय योग आहे! सिद्दी बायकाही कवंदी बंद करताना मध्यावर तांदळाचे दाणे घालतात, कवंदीचं पोट भरायला.

ओहायोतली_सई | ६ ऑक्टोबर, रात्री ८.४०

इकडची एक गोष्ट सांगते, कारण ती भावाच्या वादाशी जोडलेली आहे. अलाबामात नदीच्या एका वळणावर जीज बेंड नावाची कृष्णवर्णीयांची वस्ती आहे. तिथल्या बायका पिढ्यान् पिढ्या शेतात घालून झिजलेल्या डेनिमच्या, कॉर्डरॉयच्या कपड्यांतून थंडीसाठी गोधड्या शिवत आल्या. २००२ मध्ये ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयानं त्या भिंतींवर लावल्या, नंतर त्या न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात गेल्या, २००६ मध्ये अमेरिकेच्या टपाल खात्यानं त्यांच्यावर तिकिटं काढली. गोधड्या त्याच होत्या, आधीही तितक्याच देखण्या होत्या. मांडणाऱ्यांनी त्या आदरानं मांडल्या, म्हणून बघणाऱ्यांना दिसल्या.

आम्ही चार जणी इथल्या छोट्या बाजारात बसतो. घडी घालून ढीग लावला की लोक उलथापालथ करून जातात. एक जरी गोधडी पूर्ण उघडून उभी टांगली की थांबतात.

बालवैद्य | ७ ऑक्टोबर, सकाळी १०.१५

दुपट्यांबद्दल डॉक्टर म्हणून दोन शब्द. बटण, मणी, टिकली, सुटी लेस काहीही लावू नका, बाळं सगळं तोंडात घालतात. पाळण्यात एक वर्षाच्या आतल्या बाळाला मोकळं पांघरूण नको असं आम्ही सांगतो, तोंडावर आलं तर त्याला दूर करता येत नाही. अंथरायला, जमिनीवर खेळवायला, मांडीवर घेताना दुपटं उत्तम. चिठ्ठीवर तसं लिहाल का?

अबोली_पुणे | ७ ऑक्टोबर, दुपारी १.५०

डॉक्टर, नक्की लिहीन. आणि सर्वांना खूप खूप धन्यवाद! हिशेबनिसांचा हिशेब मी मावशींना वाचून दाखवला. "एकवीस हजार टाके?" असं म्हणून थोरल्या मावशी स्वतःच्या बोटांकडे बघत बसल्या. मग म्हणाल्या, आठशेला नको द्यायला.

जुन्या साड्यांचं मात्र कुणी बोललं नाही.

शेवंती | ७ ऑक्टोबर, दुपारी ३.३०

माझा अनुभव : अनोळखी माणसाची नेसलेली साडी वरच्या थराला असली की पुष्कळ जणी हात मागे घेतात. बाळासाठी घेणाऱ्या तर हमखास विचारतात. म्हणून विकायच्या मालात वरचं आणि खालचं कापड नवं सुती, आणि मधले थर जुन्या धुतलेल्या मलमलच्या किंवा सुती साड्यांचे. ऊब आणि मऊपणा मधल्या थरांतूनच येतो. पण ते सांगून विकायचं, लपवून नाही. दुपट्यात मधलाही थर नवाच घाला.

याच्या बरोब्बर उलट मागणीही येते. "आईच्या साड्या आहेत, त्यांची करून द्याल का?" त्यासाठी एक वही ठेवा. पुढचं वर्षभराचं काम त्या वहीतून मिळतं.

जत्रेकरी | ८ ऑक्टोबर, रात्री ९.२०

मी बांबूच्या वस्तू घेऊन पुण्याच्या भीमथडीला आणि मुंबईच्या महालक्ष्मी सरसला बसलोय, तर गाळ्याबद्दल सांगतो. मैदानात धूळ प्रचंड. टांगलेला एक नग हात लावायला ठेवा, बाकीचे पारदर्शक पिशवीत. ओली माती असली तर लाकडी फळ्या मागून घ्या, माल जमिनीला टेकू देऊ नका. संध्याकाळी पिवळ्या दिव्यात निळं कापड काळं दिसतं, आपला पांढरा दिवा आणि वायरचं वेटोळं घेऊन जा. क्यूआर कोड दोन ठिकाणी लावा, तरीही सुट्टे पैसे ठेवा, गर्दीत नेटवर्क जातं. मालाच्या पेटीत वेखंडाची पुरचुंडी टाका.

आणि लहान वस्तू भरपूर न्या. शंभर-दोनशेच्या वस्तूला थांबलेलं माणूस मोठ्या वस्तूपर्यंत पोचतं. पोथीची बासनं करा, गरम भांडं उचलायची कापडं करा. बाळंतविडा तर नक्की करा : दुपटं, कुंची, झबलं, टोपडं एकाच कापडात. आजीमंडळी शोधत असतात.

लेखापाल | ९ ऑक्टोबर, सकाळी ११.००

कुणी घाबरवलं तर म्हणून : महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात वस्तू विकणाऱ्यांना वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत असेल तर साधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही, ही मर्यादा १ एप्रिल २०१९ पासूनची. साधं बिलबुक मात्र ठेवा. मावशींना किती दिले तेही तारखेनिशी लिहा.

गोधडीप्रेमी | ९ ऑक्टोबर, दुपारी ४.४०

आमच्या हिनं हा धागा वाचून काल माझी पंधरा वर्षांची गोधडी धुवायला काढली. रात्रभर चादरीत कुडकुडलो. परत केव्हा मिळणार विचारलं तर म्हणाली, आधी रुमाल घासून बघू दे.

कागलची_वाकळ | ९ ऑक्टोबर, रात्री ८.०५

पंधरा वर्सांच्या वाकळंचा रंग आता कुठं जातोय, घ्या मागून!

अबोली_पुणे | २१ नोव्हेंबर, रात्री १०.३०

धागा वर काढतेय. दिवाळीनं ठरल्यापेक्षा चार दिवस जास्त खाल्ले. चार मोठ्या पूर्ण, पाचवी टाचून झाली, दुपटी अकरा. लाल कापडाचा एक तागा रुमालाच्या परीक्षेत नापास झाला, तो तसाच ठेवला. सासूबाई अंगुस्तान घालतात, पण दुसऱ्याच बोटात.

एक अडचण. धाकट्या मावशींचे टाके बारीक आणि माझे लांब. एकाच गोधडीवर दोघी बसलो तर फरक उठून दिसतो. उसवू का?

शेवंती | २१ नोव्हेंबर, रात्री ११.१०

उसवू नका. पुढच्या गोधडीत एक जण एक बाजू न घेता एकाआड एक चौकोन घ्या, म्हणजे फरक नक्षीसारखा दिसतो. आहे तिच्यावर चौघींची अक्षरं आहेत असं समजा.

अबोली_पुणे | ३ जानेवारी, दुपारी २.२०

जत्रा झाली! उशिराबद्दल क्षमा, पहिले आठ दिवस चौघीही नुसत्या झोपलो.

सहापैकी चार मोठ्या गोधड्या गेल्या, चारही ४,२०० ला. चौदाच्या चौदा दुपटी गेली, त्यांतली पाच बाळंतविड्यात. पोथीची बासनं दहाच केली होती, दुसऱ्या दिवशी दुपारी संपली, तीस खपली असती. मोबाईलच्या पिशव्या मात्र पंचवीसपैकी एकोणीस परत आल्या.

पहिला दिवस वाईट गेला. आठशेला देता का, बाराशेला देता का, हेच. एका बाईंनी तर दीड हजार टेबलावर ठेवून गोधडी उचलली. मी गोंधळले, पण थोरल्या मावशींनी शांतपणे पैसे त्यांच्या हातात परत दिले. त्या रात्री मी पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं : "या गोधडीत १३७ मीटर हातशिवण आहे. सुमारे २१,६०० टाके. चौघींचे ४५ तास." आणि सईनं सांगितल्याप्रमाणे एक उघडून उभी टांगली. दुसऱ्या दिवसापासून लोक वाचायचे, मग जवळ येऊन वीतभर जागेतले टाके मोजायचे, मग शिवणाऱ्या कोण म्हणून विचारायचे. मावशी पुढे व्हायच्या. भाव करणारे संपले नाहीत, पण त्यांच्या बोलण्याचा सूर बदलला.

मावशींना ताशी साठप्रमाणे सगळ्या तासांचे पैसे दिले, न विकलेल्या दोन गोधड्यांचेसुद्धा. वहीत सात नावं आहेत.

रोखठोक | ३ जानेवारी, दुपारी ३.०५

चार गेल्या, तेही पूर्ण भावानं. माझा अंदाज चुकला, मान्य. त्या पुठ्ठ्याचा फोटो टाका ना, दुकानात हातमागाच्या मालाला तसंच लिहून बघतो.

अबोली_पुणे | ३ जानेवारी, दुपारी ३.४०

टाकते. आणि आता कागलकरांना एक विचारायचंय. शेवटच्या दिवशी एक बाई आईचं इरकली नऊवारी घेऊन आल्या. मधे दोन ठिकाणी विरलंय, काठ मात्र अजून झकास. त्यांना ते कापलेलं बघवत नाही, पण गोधडी तर हवीय. कसं लावू?

कागलची_वाकळ | ३ जानेवारी, रात्री ९.३०

कापू नका. लुगडं आडवं दुमडा, विरलेला भाग आतल्या घडीत मधल्या थराला गेला पायजे. त्याच्या खाली-वर एकेक जुनं मलमल घाला, म्हंजे टाका विरलेल्या सुतावर ओढ देणार न्हाई. काठ दोन्ही बाजूंनी वर दिसू द्या, त्येच्यावरनं सुई न्यायची न्हाई, काठाच्या आतल्या अंगानं पहिला चौकोन घ्यायचा. ओळींत अंतर अर्धा इंच ठेवा. वेळ दुप्पट जाईल, तेवढे पैसे सांगूनच घ्या.

आन मधला चौकोन बंद करायच्या दिवशी त्या बाईंना बोलवा. दाणे त्यांच्या हातानं पडू देत.